मूळ चित्रासमोर

रेम्ब्राँटचं ‘नाइट वॉच’ (१६४२) पुस्तकात तळहाताएवढं दिसतं. ॲम्स्टरडॅमला त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा कळलं, ते साडेतीन मीटरहून उंच आहे, त्यातली माणसं जवळपास आपल्याएवढी!

आपल्या खानदेशातले छायाचित्रकार केकी मूस इंग्लंडमध्ये शिकले, चाळीसगावला परतले आणि १९८९मध्ये जाईपर्यंत घराबाहेर क्वचितच पडले. त्यांची ‘टेबलटॉप’ छायाचित्रं याच्या अगदी उलट चकवतात: टेबलावरची छोटी मांडणी दूरवरचा देखावा वाटते. परदेशी शिक्षण पचवणं म्हणतात ते हे! पण उणीवही सांगतो. युक्ती कळली की त्यातलं नवल थोडं ओसरतं. रेम्ब्राँटचं ओसरत नाही. माझं म्हणणं पडताळून पाहा ना! शहाद्याहून आधी चाळीसगाव गाठा, ॲम्स्टरडॅम नंतर.