दुसऱ्यांच्या गावातील उन्हाळा

फ्रान्समधील एखादे खेडे, उन्हाळ्याचे दिवस, जाड भिंतींचे दगडी घर, अंगणात द्राक्षवेलीच्या सावलीत मांडलेले मेज आणि त्यावर दोन-अडीच तास सावकाश चाललेले एका दांपत्याचे जेवण. या चित्रावर इंग्रजी वाङ्मयाने गेल्या काही दशकांत पुस्तकांची एक स्वतंत्र फळीच उभी केली आहे. त्या फळीतले सर्वांत वाचले गेलेले पुस्तक म्हणजे पीटर मेल यांचे 'अ इयर इन प्रोव्हान्स'. ते 1989 साली प्रसिद्ध झाले, 1993 साली त्यावर दूरदर्शन मालिका निघाली आणि त्याच्या अनुकरणाने निघालेल्या पुस्तकांची मोजदाद आता कोणी करीत नसावे. 2018 साली मेल निवर्तले. पुस्तक मात्र अद्याप हातोहात फिरते. आमच्या येथील मराठी मंडळाच्या ग्रंथालयात त्याची जी प्रत आहे तिची बांधणी दोनदा उसवली आहे, यावरून आमच्या सभासदांची अभिरुची लक्षात यावी. दिल्लीच्या ज्येष्ठातील दुपारी, बाहेर लू वाहत असता आणि अर्जित रजेचा अर्ज साहेबांच्या मेजावर पडून असता, हे पुस्तक वाचण्यात जे सुख आहे ते आम्ही नाकारीत नाही. ते सुख नेमके कशाचे आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पुस्तकाची रचना अगदी सोपी आहे: जानेवारी ते डिसेंबर, बारा महिने, बारा प्रकरणे. लेखक आणि त्यांची पत्नी पूर्वी अनेक उन्हाळ्यांत दोन-तीन आठवड्यांचे पाहुणे म्हणून प्रोव्हान्सला येत. ऊन मोजून घ्यावे आणि पुन्हा इंग्लंडच्या ढगांखाली जावे, असा क्रम. अखेरीस त्यांनी ल्युबेरों डोंगराच्या पायथ्याशी, मेनेर्ब या गावाजवळ, अठराव्या शतकातील एक शेतघर विकत घेतले आणि सुट्टीलाच कायमचे घर केले. नववर्षाच्या दिवशीच्या दीर्घ जेवणाने पुस्तकाचा आरंभ होतो. मग ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणारा मिस्त्राल नावाचा कोरडा, हाडे गोठविणारा वारा येतो, नळ फुटतात, गवंडी भिंती फोडून ठेवतात आणि आठवडेच्या आठवडे नाहीसे होतात. मेनिकुच्ची नावाचा नळकारागीर हवामानावर सिद्धांत मांडतो आणि फावल्या वेळी क्लॅरिनेट वाजवितो. मासो नावाचा रानवट शेजारी कोल्ह्याचे मांस कसे शिजवावे याची कृती सांगतो. या सर्वांवर लेखक हसतात, परंतु अधिक हसतात ते स्वतःवर, आणि येथेच त्यांची पहिली जीत आहे. परक्या गावी माणूस किती निरक्षर असतो, आपले शिकलेले फ्रेंच नळाच्या दुरुस्तीपुढे कसे लुळे पडते, हे त्यांनी मोकळेपणाने दाखविले आहे.

दुसरी जीत अन्नाच्या वर्णनात आहे. खाण्यावर लिहिणारे बहुतेक लेखक पदार्थ ताटात आल्यापासून लिहू लागतात. मेल मात्र ताटाच्या मागे जातात. ट्रफल नावाची जमिनीखाली वाढणारी कंदासारखी वस्तू कोण हुडकतो, कुत्र्याच्या नाकावर किती भिस्त असते, व्यवहार कसा चोरटेपणाने रोखीत होतो. ऑलिव्हचे तेल घाण्यावर कसे निघते. दुपारी बाराच्या ठोक्याला काम टाकून मजूरदेखील कसा नीट बसून जेवतो, हे त्यांनी पाहिले आहे. त्या प्रदेशात अन्नाचा मान किती, याचा जुना दाखला जवळच्या काव्हायों या गावचा आहे. तेथील खरबुजे प्रसिद्ध. 1864 साली अलेक्सांद्र द्यूमा यांनी आपले ग्रंथ त्या गावच्या ग्रंथालयास दिले आणि मोबदला मागितला तो वर्षाकाठी बारा खरबुजांचा. आमच्याकडील एखाद्या कादंबरीकाराने देवगडच्या ग्रंथालयाशी असा करार केल्याचे ऐकिवात नाही.

एवढे गुण मान्य केल्यावर जे खटकते ते सांगितले पाहिजे. घराबरोबर लेखकांकडे द्राक्षमळाही आला. तो कसतो फोस्तँ नावाचा शेजारी. करार वाट्याचा: भांडवली खर्च मालकाचा, श्रम फोस्तँचे, आणि उत्पन्नाचे दोन भाग त्याचे, एक भाग मालकाचा. ही सर्व माहिती लेखक काही ओळींत देतात आणि पुढे जातात. आमचे बोट त्या पानावर अडकून राहिले. आजोबांची कोकणातील खंडाची जमीन ज्यांनी ऐकून का होईना माहीत करून घेतली आहे, त्यांस या एका तपशिलात सबंध कादंबरी दिसेल. काल आलेला परका मालक आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच माती कसणारा वाटेकरी हे दोघे एकाच कुंपणाशी उभे राहून हवेच्या गप्पा मारतात तेव्हा त्यांच्या मनात काय चालते? फोस्तँला हे नवे मालक कसे दिसले? पुस्तक तिकडे वळतच नाही. फोस्तँ प्रेमळ आहे, निराशावादी आहे, गमतीचा आहे, म्हणजे लेखकास जसा हवा तसा आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या नव्हे, सौ.च्या ध्यानात आली. रात्री दिव्याखाली आम्ही मोठ्याने वाचीत होतो आणि ती भाजी निवडीत होती. पाच-सहा प्रकरणे झाल्यावर तिने विचारले, "या बाईला नाव नाही का?" आम्ही मागची पाने चाळली. खरोखरच नाही. नळकारागिरास नाव, वाटेकऱ्यास नाव, त्याच्या पत्नीसही नाव. ज्या दांपत्याचे हे वर्ष, त्यातील निम्म्या माणसाचा उल्लेख मात्र अथपासून इतिपर्यंत 'माझी पत्नी' असाच. आणि रखडलेले काम शेवटास नेण्याची युक्ती तिचीच: कारागिरांस नाताळाच्या मेजवानीस सपत्नीक बोलवावे, म्हणजे अपुऱ्या घराची लाज बायकांसमोर नको म्हणून ते हात चालवतील. वर्षभर पतीस न साधलेली गोष्ट एका निमंत्रणाने साधली. अशा बाईचे मन पुस्तकात यावयास हवे होते. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'तही विलायतेचा प्रवास पति-पत्नींचाच आहे. परंतु तेथे सोबतीचे माणूस वाचकास ठाऊक होते, त्याचा स्वभाव पानापानांतून डोकावतो, आणि हसू बहुधा लेखकाच्या पदरी पडते. (सौ.चे नाव आम्ही या लेखात दिलेले नाही, हे वाचक दाखवून देतील. तिनेच देऊ दिले नाही.)

मेल यांच्या शेजारी ठेवून वाचावे असे एक पुस्तक आहे: लॉरेन्स वायली या अमेरिकन प्राध्यापकांचे 'व्हिलेज इन द व्होक्ल्यूज', प्रसिद्धी 1957. वायली 1950 साली पत्नी आणि दोन लहान मुले घेऊन रूसियों या खेड्यात वर्षभर राहिले. पुस्तकात त्यांनी गावाचे नाव बदलून पेरान असे ठेवले. रूसियों आणि मेनेर्ब एकाच व्होक्ल्यूज जिल्ह्यात आहेत, फार दूरही नाहीत. पण दोन पुस्तकांत बत्तीस वर्षांचे अंतर आहे. वायलींना भेटलेले शेतकरी जेवणास बसतात ते युद्धाच्या छायेत. नवी फळबाग लावून उपयोग काय, उद्या रशिया आणि अमेरिका यांच्या लढाईत ती तुडवली जाणार, अशी त्यांची खात्री. काही वर्षांनी वायली परत गेले तो त्याच लोकांनी फळबागा लावल्या होत्या, यंत्रे घेतली होती, कर्जेही काढली होती. आणि आपला अंदाज चुकला हे त्यांनी पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत मोकळेपणी नोंदविले. मेल यांच्या अंगणातील जी स्वस्थता आपणांस अनादि वाटते ती किती अलीकडची आहे, हे वायली वाचल्यावाचून कळत नाही. वायलींची भाषा मात्र रुक्ष आहे, अहवालाची आहे. अहवाल लिहिण्यात ज्यांचा दिवस जातो त्यांना संध्याकाळी तो वाचवणार नाही, हे आम्ही समजू शकतो.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमची बदली ओडिशातील एका लहान गावी झाली होती. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. पहिल्या उन्हाळ्यात आमची अवस्था पाहून त्यांच्या घरून रोज दुपारी पखाळ येऊ लागला: रात्रभर पाण्यात भिजवून किंचित आंबवलेला भात, बरोबर भाजलेले वांगे, तळलेली बडी, कांदा. अंगाचा दाह शमविणारे तसे अन्न नाही. पण मंडळाच्या वार्षिक अंकासाठी आम्ही जो 'विनोदी' लेख लिहिला त्यात त्या आंबट वासावर, त्या गृहस्थांच्या हिंदीवर आणि त्यांच्या पान खाण्यावर आम्ही यथेच्छ कोट्या केल्या. लेखाची वाहवा झाली. अंक घरी पडलेला त्यांनी पाहिला, छापील नाव ओळखले आणि कौतुकाने विचारले, "काय लिहिलेत? आमच्या गावाविषयी आहे ना? वाचून सांगा." आम्ही खोटे सांगितले. देवळाचे वर्णन आहे म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडे नेहमीप्रमाणे आले.

तेव्हापासून दुसऱ्यांच्या गावावर लिहिलेले कोणतेही पुस्तक आम्ही एका कानाने त्या वृद्धांसाठी ऐकतो. मेल यांचे बरेचसे पुस्तक मेनिकुच्चीसमोर वाचता आले असते. तो हसला असता, कदाचित क्लॅरिनेटही काढला असता. मासोसमोरची पाने वाचताना मात्र आवाज खाली गेला असता. पुस्तक गाजल्यावर काय झाले हे सर्वश्रुत आहे: वाचक ते घर पाहावयास मोटारी भरभरून येऊ लागले, आणि काही काळाने मेल दांपत्यास प्रोव्हान्स सोडून अमेरिकेत जाऊन राहावे लागले. पुढे ते परतले, पण मेनेर्बला नव्हे, लूर्मारँला. आपण ज्या शांततेचे वर्णन करतो तिचा पत्ता आपणच छापतो, हे या जातीच्या लेखनाचे दुर्दैव आहे.

या सर्वांहून थोर पुस्तक त्याच प्रोव्हान्सचे, पण त्या मातीतील माणसाचे आहे. मार्सेल पान्योल यांच्या बालपणाच्या आठवणींचे पहिले दोन भाग, वडिलांच्या कीर्तीचा आणि आईच्या वाड्याचा, 1957 साली पाठोपाठ निघाले. आम्हांस फ्रेंच येत नाही. इंग्रजी भाषांतरावरून लिहीत आहोत. यातील दांपत्य म्हणजे मार्सेय शहरातील प्राथमिक शिक्षक झोझेफ आणि त्याची नाजूक प्रकृतीची पत्नी ऑगस्तीन. हे सुमारे 1904 मधले. मेव्हण्यांशी भागी करून ते ला त्रेय या खेड्याजवळच्या डोंगरात एक घर उन्हाळ्यापुरते भाड्याने घेतात. मेव्हणे झ्यूल प्रिफेक्टच्या कचेरीत नोकरीस. म्हणजे एक शिक्षक, एक कारकून. एक धर्माचा वैरी, दुसरा नियमाने प्रार्थनेस जाणारा. आणि दोघांच्या मध्ये अत्तरासारखा दरवळणारा रानातील थाइमचा वास. आयुष्यात बंदूक न धरलेला झोझेफ शिकारीत अवचित दोन दुर्मिळ मोठे तितर पाडतो. एका सहशिक्षकाने मासा पकडून छायाचित्र काढून घेतले म्हणून त्याची टर उडविणारा हाच झोझेफ आता पक्षी घेऊन छायाचित्रास उभा राहतो, आणि तेही गावच्या पाद्रीबुवांच्या कॅमेऱ्यापुढे. मुलगा ते पाहतो आणि वडिलांवर त्याचे प्रेम वाढते. वडिलांचे हसे करूनही त्यांची उंची राखणे ही कला मेल यांस इतक्या सहज साधलेली नाही.

परंतु आमच्या वाचकांचा जीव अडकेल तो दुसऱ्या भागात. उन्हाळ्याची सुट्टी संपली तरी डोंगराचे वेड संपत नाही. ऑगस्तीन मुख्याध्यापकांच्या पत्नीशी मैत्री जोडते आणि पतीची सोमवार सकाळची पाळी अलगद बदलून घेते. शनिवारी निघावे तर ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून ओझी वाहत लांबचा रस्ता. झोझेफचा एक जुना विद्यार्थी, बूझिग, कालव्यावर नोकरीस असतो. तो किल्ली देतो: कालव्याच्या काठाने, श्रीमंतांच्या वाड्यांतून, दारे उघडीत गेले की वाट निम्म्याहून कमी. झोझेफ सरकारी नोकर. परक्याच्या हद्दीत पाय टाकताना त्याचे मन खाते. म्हणून तो एका वहीत कालव्याच्या भेगा टिपीत जातो, म्हणजे आपण जणू कामावरच आहोत. त्या वहीला आम्ही मनोमन नमस्कार केला. शेवटच्या वाड्याच्या दारी एके दिवशी रखवालदार आणि त्याचा कुत्रा त्यांना गाठतात. सामान उपसले जाते, वरिष्ठांकडे कागद पाठविण्याची धमकी मिळते, आणि ऑगस्तीन भीतीने कोसळते. रखवालदाराने स्वतःच दार बेकायदा कुलूपबंद केले होते हे हेरून बूझिग पुढे प्रकरण उलटवतो, पण त्या क्षणी झोझेफला फक्त नोकरी दिसत असते.

सुट्टीचे खरे मोल या प्रसंगात आहे. फ्रान्समध्ये मजुरांना पगारी रजा मिळाली ती 1936 साली, लेओं ब्लूम यांच्या सरकारच्या कायद्याने, वर्षास दोन आठवडे. त्याच उन्हाळ्यात लेओ लाग्रांज यांच्या पुढाकाराने रेल्वेची सवलतीची तिकिटे निघाली. पुढे 1956 साली तीन, 1969 साली चार आणि 1982 साली पाच आठवडे झाले. खेड्यातील ते मेज, ती सावली, ते दोन तासांचे जेवण सामान्य माणसास कायद्याने मिळवावे लागले. मेल यांच्या पुस्तकात वेळ ही घराबरोबर विकत आलेली वस्तू आहे. पान्योलमध्ये ती किल्लीने, वहीने, मुख्याध्यापिणबाईंच्या मैत्रीने जमा केलेली आहे, आणि म्हणून तिच्यातील प्रत्येक घास लागतो.

ऑगस्तीन अल्पायुषी ठरली. पुष्कळ वर्षांनी चित्रपटासाठी म्हणून पान्योल एक जुनी वास्तू न पाहताच विकत घेतात. आत फिरता फिरता कालव्याकाठी एक दार दिसते. तेच. मालकी आता त्यांची आहे आणि जिला तेथून निर्भयपणे न्यावयाचे ती नाही. हे पान वाचून झाल्यावर आमच्या घरी बराच वेळ कोणी बोलले नाही. भाजी निवडून झाली होती. ग्रंथालयाची मुदत शुक्रवारी संपते. मेल यांचे पुस्तक परत जाईल, पान्योलची नोंद सौ.ने आणखी पंधरा दिवसांकरिता करावयास सांगितली आहे.