शिवराईवरील पाठभेद आणि कालनिर्णय

तांब्याची शिवराई हें एके काळीं महाराष्ट्रांतील बाजारहाटाचें रोजचें नाणें होतें, आणि पेशवाई बुडाल्यानंतरही तें बराच काळ चालत राहिलें. त्यामुळें जुन्या देवघरांत व तांबटाच्या मोडींत शिवराया आजही सांपडतात. त्यांतून दुर्मिळ नाणें निवडण्यास बहुतेक संग्राहक एकच कसोटी लावतात, ती अक्षरांची. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' असा शुद्ध पाठ दिसला, कीं नाणें थोरल्या महाराजांचें. 'सिव' अथवा 'छत्रपती' दिसलें, कीं तें मागाहूनचें! ही कसोटी आम्हांस मान्य नाहीं.

रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत रे. जे. ई. ॲबट यांनीं १९०० च्या सुमारास या नाण्यांवर निबंध लिहिला, त्यास त्यांनीं स्वतःच प्राथमिक अभ्यास असें नांव दिलें होतें. हजारों नाणीं पाहिलेल्या अभ्यासकाची ही सावधगिरी, पांच-पंचवीस नाणीं जमविणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावयास हवी होती.

शिवराईचा ठसा हातानें कोरला जाई. ज्यानें तो कोरला त्याच्या हातास व कानास जसा शब्द परिचित तसा तो उतरे. एकाच राज्यांत दोन कारागिरांचे ठसे भिन्न असणें अगदीं स्वाभाविक आहे. शिवाय तांब्याची चकती पुष्कळदां ठशाहून लहान असे, म्हणून कडेची वेलांटी किंवा मात्रा नाण्यावर येतच नसे. जी कधीं उमटलीच नाहीं, त्या मात्रेच्या अभावास पाठभेद कसें म्हणावें?

याहून मोठी अडचण नांवाची आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानें 'छत्रपति' हें पद सिद्ध झालें, येथवर निश्चित. परंतु १७०० मध्यें गादीवर बसविलेला ताराबाईंचा पुत्र शिवाजीच होता, आणि १७६२ पासून १८१३ पर्यंत कोल्हापुरास राज्य करणारेही शिवाजीच. 'शंभु' नांवाचीहि तीच गोष्ट: एक संभाजी रायगडचे, दुसरे कोल्हापुरचे. तेव्हां केवळ नांव वाचून राज्यकाल ठरविणें म्हणजे कुळाचा शोध न घेतां वतनाचा निवाडा देणें होय.

आमच्या मतें प्रथम वजन पाहावें. जुन्या धाटणीच्या शिवराया साधारणतः ११ ते १३ ग्रॅम, म्हणजे सुमारें तोळाभर भरतात. मागाहूनच्या पुष्कळ शिवराया याहून हलक्या आहेत. 'छत्र' व 'पति' यांच्यामध्यें दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी तर उत्तरकालीन, यांत वाद नाहीं. मग अक्षरांचें वळण, बिंदूंची किनार व चकतीची कड पाहावी, आणि शेवटीं पाठ. दोन नाण्यांवर अगदीं एकाच जागीं एकच खोंच किंवा झीज आढळली, तर तीं एकाच सांच्यांतून ओतलीं असावींत असा संशय घ्यावा. कडेवर सांध्याची रेघ व पृष्ठावर बारीक भोंकें मिळालीं तर तो दृढ होतो.

आमच्यापुढें एकदां शेतांत सांपडलेल्या नाण्यांपैकीं उरलेलीं दहाबारा आलीं. मालकानें तीं चिंच लावून लखलखीत केलीं होतीं. अक्षरांचे कांठ बोथट झाले होते, आणि त्याच मडक्यांतील रुपये सोनारास आधींच विकले होते. त्या रुपयांवर सन असता, तर तें मडकें केव्हां पुरलें याची एक मर्यादा तरी हातीं लागती. शुद्ध 'शिव' असलेली एक शिवराई त्यांत होती खरी, पण ती कोणाची हें सांगण्यास आतां कांहीं साधन उरलें नाहीं.

ज्यांच्या संग्रहांत एकाच जागीं मिळालेल्या शिवराया असतील, त्यांनीं त्या न घांसतां व न वेगळ्या करतां प्रत्येकीचें वजन, सांपडल्याचें गांव, आणि बरोबरच्या इतर नाण्यांची याद आमच्याकडे पाठवावी.