खेळातले खेडे

सन २०२३ च्या डिसेंबरात झी मराठी वाहिनीवर ‘जाऊ बाई गावात’ हा कार्यक्रम सुरू झाला. शहरात वाढलेल्या तरुणींना खेड्यात नेऊन ठेवावयाचे, घरची व शेतातली कामे त्यांच्याकडून करवून घ्यावयाची, आणि जी मागे पडेल तिला परत धाडावयाचे, असा त्याचा बेत होता. त्या मुलींनी मेहनत केली हे आम्ही नाकारीत नाही. एरवी पडद्यावर जागा न मिळणाऱ्या बायाबापड्या त्यात दिसल्या, हेही आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप निराळा आहे.

खेडे म्हणजे जुन्या काळाचा जपून ठेवलेला तुकडा, अशी समजूत या खेळाच्या मुळाशी आहे. ते गाव मावळातले नव्हे. परंतु ही समजूत किती खरी, हे आम्ही परिचयाच्या मावळावरून पाहू. लोणावळ्यास येणारा पाहुणा ज्या इंद्रायणी तांदळाच्या वासात ‘जुने गाव’ हुंगतो, तो तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिला! कार्ल्याच्या लेण्यातील सातवाहनकालीन लेखात ‘मामाल’ येथील अधिकाऱ्यास राजाज्ञा आहे, की करजक गाव तेथील भिक्षूंस द्यावे. म्हणजे मावळचा कुणबी त्या काळीही राजसत्तेच्या हिशेबाबाहेर नव्हता. आजही नाही. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. जमीन कोणाची आणि पाणी कोणाचे, हा गावाचा जिवंत इतिहास होय. चूल आणि शेण ही त्याची केवळ बाहेरची खूण.

खेळात नेमके हेच गाळले जाते. कारण त्याला गुण देता येत नाहीत. शिवाय मावळात वर्षाची खरी कसोटी आषाढात, चिखलात वाकून भाताची लावणी करताना लागते. हा खेळ तर भात घरी आल्यावर मांडला गेला. त्यात हरलेली मुलगी आपल्या घरी जाते. कुणब्याने हरून जावयाचे कोठे? त्याचे घर तेच.

तथापि सारा दोष वाहिनीच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस शोभणार नाही. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही कितीदा तरी कार्ल्यास गेलो. चैत्याची कमान दाखविली, दात्यांची नावे वाचून दाखविली. डोंगराच्या पायथ्याशी कोण राबत आहे, हे मात्र एकदाही विचारले नाही. असा प्रश्न ज्यांना शिकविलाच नाही, ते खेळालाच खेडे समजले, तर त्यांना नावे कोणत्या तोंडाने ठेवावी?