कैबाब पठारावरील हरणे : एका आलेखाची चिकित्सा

बीजसंज्ञा : जीवसंख्या, मर्यादाकारक घटक, नियमन, धारणक्षमता, भक्षक

परिसंस्थेतील एखाद्या जीवसंख्येचा आकार कशामुळे मर्यादित राहतो, हा परिस्थितिकीतील मूलभूत प्रश्न आहे. अन्न, भक्षक, रोग, स्पर्धक जाती, निवारा, हवामान अशी उत्तरांची यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. यादीपाठोपाठ एखादे उदाहरण येते आणि विद्यार्थ्यांच्या स्मरणात यादी न राहता उदाहरणच राहते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कैबाब पठारावरील म्यूल हरणांची कथा ही अशा उदाहरणांपैकी अत्यंत प्रसिद्ध होय. प्रस्तुत लेखात या कथेमागील पुराव्याची आणि तिच्यावर झालेल्या टीकेचीही चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हा आलेख मीही काही वर्षे निःशंकपणे फळ्यावर काढत आलो, हे आरंभीच नमूद करणे योग्य ठरेल.

कथा थोडक्यात अशी. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेस असलेले हे पठार १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी वन्यजीवांसाठी राखीव केले. हरणांच्या शिकारीस बंदी झाली. त्याच वेळी प्यूमा, लांडगे, कोयोटी, बॉबकॅट या भक्षकांची मात्र सरकारी खर्चाने हत्या सुरू झाली. १९०७ ते १९३९ या काळात एकट्या प्यूमांची नोंदलेली संख्या ८१६ आहे. परिणामी १९०६ मध्ये सुमारे ४,००० असलेली हरणे १९२४ पर्यंत १,००,००० झाली, त्यांनी वनस्पती ओरबाडून टाकल्या, पुढील दोन हिवाळ्यांत निम्म्याहून अधिक कळप उपासमारीने मेला आणि १९३९ पर्यंत सुमारे १०,००० हरणे उरली. आलेखावर ही कथा एका उंच शिखराच्या रूपाने दिसते. तिचे तात्पर्य एका वाक्यात सांगता येते व परीक्षेत लिहिता येते, आणि तिची लोकप्रियता बहुधा यातच आहे.

परंतु हे शिखर कोणत्या आकड्यांवर उभे आहे? हरणांची पद्धतशीर गणना त्या काळी झालेलीच नव्हती. १९२४ च्या आसपास वनाधिकाऱ्याचा अंदाज ३०,००० च्या घरात होता, तर पठाराला भेट देणाऱ्या इतरांचे अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आणि परस्परांशी न जुळणारे होते. त्यांतील सर्वांत मोठा अंदाज १,००,००० चा. रासमुसेन यांनी १९४१ मध्ये हे सारे अंदाज मांडले. आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४३ च्या लेखातील आलेखाने मात्र सर्वोच्च अंदाजाचीच रेषा पुढे नेली, आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरताना अंदाजांतील ही तफावत पूर्णपणे पुसली गेली. १९७० मध्ये ग्रेअम कॉली यांनी या त्रुटीवर नेमके बोट ठेवले. पठारावर पूर्वी मोठ्या संख्येने चरणाऱ्या मेंढ्या व गुरे याच काळात घटली होती, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. स्पर्धक दूर झाल्याने हरणांस चारा वाढला, हे स्पष्टीकरण भक्षकांच्या अभावाइतकेच शक्य ठरते. तीन घटना एकाच वेळी घडत असताना त्यांतील एकीलाच कारण ठरविणे शास्त्रीय म्हणता येणार नाही.

याहून गंभीर दोष ‘धारणक्षमता’ या संज्ञेच्या वापरात आहे. या उदाहरणावर बेतलेल्या अनेक अभ्यासांत पठाराची धारणक्षमता ३०,००० हरणे अशी दिलेली असते. ही क्षमता चाऱ्याच्या मोजमापातून काढली की हरणांच्या अंदाजातून, याचा खुलासा तेथे नसतो. हरणांच्या संख्येवरून धारणक्षमता ठरवायची आणि पुन्हा त्याच धारणक्षमतेने हरणांची संख्या समजावून द्यायची, हा चक्रक दोष होय. शिवाय कळपाने झाडोरा नष्ट केला असेल, तर धारणक्षमताही खाली आलीच. मग आलेखावरील ती सरळ आडवी रेषा कशाची? मर्यादा आणि नियमन यांतील भेदही येथे हरवतो. कडक हिवाळा संख्या घटवितो. परंतु कळप लहान असो वा मोठा, त्याचा आघात जर सारख्याच प्रमाणात होत असेल, तर त्यास नियमन म्हणता येत नाही. संख्या वाढेल तसतसा ज्याचा दाब वाढतो, तोच घटक नियामक ठरतो. प्यूमा कैबाबमध्ये या अर्थाने नियामक होता काय, हे मृत प्यूमांच्या नोंदीवरून कळत नाही.

मात्र कॉलींच्या टीकेनंतर कैबाबची कथा म्हणजे निव्वळ मिथक, असे जे म्हटले जाऊ लागले, तेही घाईचे होते. डॅन बिंक्ली व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पठारावरील ॲस्पेन वृक्षांची वये तपासली. हरणे ॲस्पेनचे कोवळे कोंब खातात. कळप खरोखरच अफाट वाढला असेल, तर १९२० च्या दशकात उगवून जगलेली झाडे विरळ असली पाहिजेत. ती तशीच आढळली, आणि लाकूडतोड, मेंढ्या वा हवामान यांच्याशी या चढउताराची सांगड दिसली नाही. हा पुरावा मला सर्व अंदाजांपेक्षा अधिक वजनदार वाटतो, कारण झाडांना कोणताही सिद्धान्त सिद्ध करावयाचा नव्हता. तरीही त्याची कक्षा ओळखली पाहिजे. कोंब फार खाल्ले गेले एवढे वृक्ष सांगतात; हरणे तीस हजार होती की लाख, हे ते सांगत नाहीत.

हा वाद केवळ ग्रंथालयापुरता नाही. डिसेंबर १९२४ मध्ये हजारो हरणे हाकत कॅन्यनपार नेण्याचा एक घाट घातला गेला. हरणे पांगली आणि एकही पलीकडे पोहोचले नाही. हरणे मारण्याच्या केंद्र सरकारच्या अधिकाराचा प्रश्न १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल सरकारच्या बाजूने लागला. आपल्याकडेही रानडुकरांमुळे पिकांच्या होणाऱ्या नासाडीविषयी विद्यार्थी विचारतात, तेव्हा ‘भक्षक संपले म्हणून’ हे कैबाबी उत्तर ओठांवर तयार असते. शेत हेच त्या जनावराचे बारमाही कुरण झाले असेल काय, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही.

गेल्या सत्रात मी तयार आलेख न देता उपलब्ध सर्व अंदाज वर्गास दिले आणि प्रत्येकाने आपली रेषा काढावी असे सुचविले. सरळ चढणाऱ्या रेषा निघाल्या, सपाट माथ्याच्या निघाल्या, शिखरेही निघाली. एका विद्यार्थिनीने रेषा काढलीच नाही. १९०६ ची ४,००० हरणे कोणी मोजली, असे तिने विचारले. तो आकडाही अंदाजाचाच आहे, हे मला तिला सांगावे लागले.