शब्द पाळणारे गाणे

अमेरिकेतील कंट्री संगीतावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक, ही गाणी रडवी असतात. दुसरा, गीतकार शेवटी शब्दांवर कोटी करून टाळी घेतात. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी लिहिलेले, जॉर्ज जोन्सने गायलेले ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे १९८० मधील गाणे दोन्ही आक्षेपांत सहज सापडावे असे आहे. खुद्द जोन्सलाही ते फार उदास वाटले होते. म्हणूनच ते तपासून पाहण्याजोगे आहे.

नावाचा सरळ अर्थ असा, की आज त्याने तिच्यावर प्रेम करणे थांबवले. ऐकणाऱ्याला वाटते, सुटला एकदाचा! गीतकार हा समज दोन कडवी जपतात. मरेपर्यंत प्रेम करीन, असे तो म्हणाला होता. काळ गेला की विसरशील, असे ती. भिंतीवर तिचा फोटो, पलंगाशी तिची जुनी पत्रे. निवेदक भेटायला जातो, तर तो ठेवणीतल्या कपड्यांत, कित्येक वर्षांनी हसरा. मग ध्रुवपद येते, त्यात दारावर लावलेले पुष्पचक्र येते, आणि तो गेला आहे हे कळते.

ही कोटी नव्हे. कोटीत शब्दाला दोन अर्थ असतात. येथे एकच आहे. ‘मरेपर्यंत’ हा शब्द प्रेमात सगळेच वापरतात आणि कोणीही तो अक्षरशः घेत नाही. आपणही घेतला नव्हता. गाणे तो घेते, इतकेच. धक्का मृत्यूचा नसतो. या माणसाच्या बोलण्यावर आपणही तिच्याइतकाच अविश्वास दाखवला होता, याचा असतो.

रडवेपणा टळतो तो तपशिलांमुळे. पत्रांवर १९६२ साल आहे आणि त्यांतील प्रेमाच्या शब्दांखाली लाल रेघा ओढलेल्या आहेत. किती वर्षे लोटली हे गाणे सांगत नाही. १९८० सालचा श्रोता मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि अठरा हे उत्तर त्याचे स्वतःचे असते.

निर्माता बिली शेरिल याने गीतकारांकडून आणखी एक कडवे पुन्हापुन्हा लिहवून घेतले : ती अखेरच्या भेटीला येते. जोन्स ते गात नाही, बोलतो. ती रडली का, पस्तावली का, एक शब्द नाही. ती येईल का, ही लोकांची कुजबूज आहे. आणि आता हा तिच्यातून कायमचा मोकळा झाला, असा निवेदकाच्या मनात घोळणारा, शवपेटीशेजारी मोठ्याने बोलता न येणारा विचार आहे. तो विनोदाच्या अगदी काठावर उभा आहे, म्हणूनच खरा वाटतो.

उणे काढायचे तर व्हायोलिनांचे. ध्रुवपदात ती इतकी उंच चढतात, की शब्दांनी राखलेला संयम वाद्ये मोडतात.

कंट्री म्युझिक असोसिएशनने १९८० आणि १९८१ अशी सलग दोन वर्षे याला वर्षातील सर्वोत्तम गीत ठरवले. पण त्याहून मोठी कसोटी दुसऱ्यांदा ऐकण्याची आहे. कोटी असती तर रहस्य फुटताच गाणे संपले असते. प्रत्यक्षात, शेवट ठाऊक असताना पहिलीच ओळ जड होऊन येते. कारण आता आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो.