तांदळाच्या पिशवीवरचा नायक

समीक्षेसाठी या वेळी मी तांदळाची एक पिशवी घेतली आहे. पुण्यातील एका स्नेह्यांच्या घरी ती पाहिली. 'आंदर मावळातील इंद्रायणी, थेट शेतकऱ्याकडून, रास्त भावात' असा तिच्यावर मजकूर होता. स्नेही म्हणाले, "दोन पैसे जास्त जातात, पण मनाला समाधान लाभते." मी टाकवे बुद्रुकचा. माझी आई तिथल्याच खाचरांत दुसऱ्याच्या बांधावर लावणीला जात असे. त्या मजकुरात मी तिला शोधले. ती सापडली नाही.

का सापडली नाही, याचे उत्तर एका कादंबरीत आहे. रास्त व्यापाराचा पहिला शिक्का १९८८ साली नेदरलँड्समध्ये, मेक्सिकोच्या कॉफीवर उमटला. त्याचे नाव 'मॅक्स हावेलार'. एडवर्ड डाउवेस डेकर यांनी मुल्तातुली या टोपणनावाने १८६० साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीचा हा नायक. जावातील शेतकऱ्यांची वेठ आणि लुबाडणूक या कादंबरीने युरोपच्या तोंडावर मांडली. तिचे मोल मी कमी मानत नाही. पण हावेलार हा वसाहतीतला डच अधिकारी आहे. सैजा आणि आदिंदा ही शेतकऱ्यांची मुले कादंबरीत येतात आणि मारली जातात. शिक्क्यावर नाव चढले ते कळवळणाऱ्याचे. राबणारा खालीच राहिला.

आपल्याकडील सहानुभूतीच्या साहित्याची मांडणी हीच होती. दलिताने भोगायचे, लेखकाने हळहळायचे, वाचकाने डोळे पुसून स्वतःवर प्रसन्न व्हायचे. दलित साहित्याने या मांडणीला नकार दिला. पिशवी वाचताना तोच नकार मला द्यावासा वाटतो, कारण तिचा नायक गिऱ्हाईक आहे.

आता 'शेतकरी' हा शब्द तपासू. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो शेतकरी. दिवसभर चिखलात वाकून रोपाच्या मुठी लावणारी कातकरी, ठाकर वा बौद्ध बाई ही मजूर. भाव वाढला तर तो खाचराच्या मालकापर्यंत येईल. तिथून तो तिच्या रोजापर्यंत उतरेल, याची हमी पिशवीवर कुठेच नाही. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे आणि ती त्यांना एकाखाली एक बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. 'थेट' म्हणवणारा हा व्यवहारही वरच्या पायरीवरच थांबतो.

कुणी विचारील, मग काय लुबाडलेला माल घ्यावा? मुळीच नाही. रास्त भाव द्यावाच; ते देणे आहे, दान नव्हे. लहान शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे अधिक पडले तर मला आनंदच आहे. पण फेअरट्रेडच्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण सभेत उत्पादकांना निम्मी मते मिळाली ती २०१३ साली, पहिल्या शिक्क्यानंतर पंचवीस वर्षांनी. गिऱ्हाइकाच्या समाधानाने हक्क आपोआप मिळत नाहीत, हे त्या चळवळीच्याच इतिहासातून दिसते.

कोकणात भात पिकवणारे कुणबी आणि महार खोताच्या टाचेखाली होते, तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या भात खाणाऱ्यांच्या दयेवर विसंबले नाहीत. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. खोती संपवणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. पण मागणी पहिल्या दिवसापासून हक्काची होती.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पिशवीवर एक ओळ वाढवा: लावणीचा रोज बाईला किती, गड्याला किती. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. मग ही ओळ छापायला अडचण कसली? स्नेह्यांना मी हे म्हटले. ते हसून म्हणाले, "ते कोण वाचणार?"

आईला वाचता येत नव्हते. मला येते. आणि तुम्हालाही येते. पुढच्या पावसाळ्यात टाकव्याच्या बांधावर या, आणि तिथे वाकलेल्या बाईला तिचा रोज विचारा.