घडीत न बसणारी तगर

सममिती म्हटले की आपण कागदाची घडी घालतो, शाईचा ठिपका दाबतो आणि फुलपाखरू तयार करतो. एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ (२०२४) या पुस्तकातले सममितीचे प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. सुरुवातीलाच फूल, फुलपाखरू आणि रांगोळी यांच्या पंगतीला त्याने भिरभिरे बसवले आहे. ही निवड फार चांगली आहे. चार पात्यांचे भिरभिरे कसेही दुमडा, दोन भाग एकमेकांवर बसणार नाहीत. पण पाव फेरा द्या, ते होते तसेच दिसेल. आकाराला काहीतरी करायचे आणि तरीही तो बदललेला दिसू नये, हीच सममिती. आरसा हा त्याचा केवळ एक प्रकार.

घडीपुरतेच शिकलेल्या वर्गात समांतरभुज चौकोन सममित आहे का, असे विचारून पाहा. ‘नाही’ असे उत्तर येते आणि पुष्कळदा ते बरोबर धरले जाते. पुठ्ठ्याचा चौकोन कापून, मध्यावर टाचणी टोचून अर्धा फेरा दिला की वाद मिटतो.

माझी तक्रार आहे ती फुलाबद्दल. पुस्तकातले फूल चित्रातले, म्हणून ते घडीतही बसते आणि फेऱ्यातही. वसईच्या वाड्यांमधून मुंबईला फुले जातात; तिथल्या शाळेने चित्रातल्या फुलावर का थांबावे? कुंपणाची एकेरी तगर घ्या. पाच पाकळ्या, आणि प्रत्येकीला एकाच दिशेचा पीळ. ७२ अंशांनी फिरवा, फूल तसेच. आरशात धरा, पीळ उलटा! म्हणजे तगर हे निसर्गातले भिरभिरेच. साध्या जास्वंदीतही प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर चढलेली असते. गंमत अशी, की जास्वंदीच्या एकाच झाडावर डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही पिळांची फुले सापडतात, तगरीचा पीळ मात्र ठरलेला. गोकर्णाचे फूल याउलट फक्त घडीत बसते. फिरवून चालत नाही.

हा फरक का, हे गणिताच्या पुस्तकाला विचारता येणार नाही. ते काम विज्ञानाच्या तासाचे, पण तिथे हा धागा सहसा कोणी उचलत नाही. वर तोंड करून उमललेल्या फुलाला सगळ्या बाजू सारख्याच, कीटक कुठूनही येवो. गोकर्णाकडे मधमाशी समोरून येते. त्याला वर-खाली आणि पुढे-मागे यांत भेद करावा लागतो, डाव्या-उजव्यात नाही. चालणाऱ्या, पोहणाऱ्या प्राण्यांचेही तसेच: जमीन खाली, वाट पुढे, आणि उरलेल्या दोन बाजू सारख्या. त्यातही शरीराच्या आत पाहिले तर हृदय डावीकडे कललेले आणि यकृत उजवीकडे. ‘निसर्गात सगळीकडे सममिती आहे’ हे भाषणातले वाक्य म्हणूनच मला खटकते. सममिती कुठे मोडते, तिथे प्रश्न सुरू होतात.

असा एक प्रश्न वसईत दारोदारी उभा आहे. माडाच्या झावळ्या खोडाभोवती गोलाकार चढत जातात. काही माडांत डावीकडून, काहींत उजवीकडून. हे आईबापांकडून येत असेल, असा आपला पहिला अंदाज. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील टी. ए. डेव्हिस यांनी तो तपासला आणि १९६२ साली निष्कर्ष मांडला: ही दिशा आनुवंशिक नाही. डाव्या माडाच्या रोपांत डावे आणि उजवे साधारण निम्मे-निम्मे निघतात, उजव्याच्याही तसेच. शंभरेक माडांची डावी-उजवी मोजदाद आठवीच्या एका वर्गाला दोन दिवसांत जमेल. फक्त झाडाकडे खालून वर पाहायचे की वरून खाली, हे आधी ठरवून घ्या. नाहीतर अर्धा वर्ग डाव्याला उजवा म्हणेल.